शब्दचर्चा: रूपांतर की माध्यमांतर?

शब्दवेडी: 'क्लॅनॅड' या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलवर (चित्रं बघत, मजकूर वाचत, पर्याय निवडत खेळायचा खेळ) लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलेय. 'की' या ब्रँडने ही प्रेमकथा २००४ साली संगणकावर आणली. २००७ मध्ये सिनेमा आला, त्याच वर्षी टीव्ही मालिकाही सुरू झाली, शिवाय मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, आहेतच. यांना 'रूपांतरं' म्हणायचं की 'माध्यमांतरं'?

कट्टेकरी: भाषा बदलली की भाषांतर, माध्यम बदललं की माध्यमांतर. यात चर्चा कसली?

पावसाळी: आहे ना! रूपांतर हा शब्द आपल्याकडे नाटकवाल्यांनी भरपूर राबवला. परदेशी नाटकातली माणसं, गावं, रीतीभाती इथल्या करायच्या. म्हणजे मजकुरात हात घालायची मुभा. माध्यमांतर म्हटलं की वाटतं, पदार्थ तोच, भांडं बदललं. पण 'क्लॅनॅड'मध्ये मुळात एकच पदार्थ नाही. तोमोया हा शाळेला कंटाळलेला मुलगा. वाचणारा जे पर्याय निवडेल त्याप्रमाणे तो नागिसा, क्यो, तोमोयो, कोतोमी अशा मुलींपैकी कुणाच्या तरी गोष्टीत शिरतो. खेळणारे याला 'रूट' म्हणतात. या गोष्टी पार पाडताना प्रकाशाचे गोळे मिळतात आणि ते जमवल्याशिवाय 'आफ्टर स्टोरी' या पुढच्या भागाचा खरा शेवट हाती लागत नाही.

सिनेमाचे दिग्दर्शक ओसामु देझाकी यांनी सरळ नागिसाची गोष्ट उचलली. दीड तासात दुसरं काय करणार? ते रूपांतर. क्योतो ॲनिमेशनच्या मालिकेला दोन पर्वं मिळाली. तिथे तात्सुया इशिहारा यांनी फुकोची, कोतोमीची गोष्ट एकामागून एक ओवली, पण तोमोयाचं प्रेम नागिसावरच ठेवलं. तोमोयो आणि क्यो यांच्या वाट्याला एकेक जादा भाग आला, 'असंही घडू शकलं असतं' म्हणून.

शब्दवेडी: मग मालिका हे माध्यमांतर?

पावसाळी: बरंचसं. पण शेवट बघा. (रसभंग नको असेल त्यांनी हा प्रतिसाद इथेच सोडावा.) नागिसा बाळंतपणात जाते, पुढे मुलगी उशिओही जाते आणि मग सगळं परत मिळतं. खेळात ते वाचणाऱ्याने कमावलेलं असतं. तासन्‌तास इतरांच्या गोष्टी निस्तरून गोळे त्यानेच जमवलेले असतात. मालिकेतही गोळे दिसतात, पण आपण नुसते बघे. म्हणून अनेकांना तो शेवट आयता वाटला. मलाही. घटना जवळपास त्याच राहूनही अर्थ हलला, तर नुसतं माध्यमांतर म्हणणं जड जातं.

कट्टेकरी: संगणकावरच्या पहिल्या खेळात पात्रांना आवाज नव्हते. २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला तेव्हा मिळाले. त्याला काय म्हणाल?

पावसाळी: आवृत्ती. सुधारून वाढवलेली.

शब्दवेडी: ठरलं. मालिकेला माध्यमांतर, सिनेमाला रूपांतर. शेवटाबद्दल वेगळं लिहीन. आता 'नाकिगे'ला शब्द सुचवा. 'नाकु' म्हणजे रडणं, 'गे' हे गेमचं तोडलेलं रूप. 'रडका खेळ' म्हणू?

कट्टेकरी: 'रडवा' म्हणा. खेळ कुठे रडतो, रडतो खेळणारा.