गेटवर चेहरा बघून डिलिव्हरीवाल्याला अडवतात, काय करता येईल?

वाकडची_रहिवासी: आमच्या सोसायटीत अ‍ॅपवर अप्रूव्ह केलं की डिलिव्हरीवाला सरळ वर येतो, पण मणिपूर-आसामकडचा मुलगा दिसला की सिक्युरिटी बॅग उघडायला लावते, आधारचा फोटो काढते आणि वर सर्व्हिस लिफ्टनेच जा म्हणते. काल एक पोरगा हेल्मेट काढून पावसात उभा आणि मागून आलेले दोघं एंट्री करून आत गेलेसुद्धा, मला बघवेना. सेक्रेटरी म्हणतात सेफ्टी. दाद कुणाकडे मागायची?

खराडी_बी_विंग: वॉचमनशी भांडू नका, त्याला कमिटीनेच सांगितलेलं असतं. हा नियम कुठल्या मीटिंगमध्ये पास झाला ते लेखी विचारा. आणि आधारचे फोटो गेटवर जमवायचा काय संबंध?

कोथरूडकर७: चोऱ्या होतात हो, चेकिंग नको का?

वाकडची_रहिवासी: मग सगळ्यांचं करा ना! नाकडोळे बघून कसलं चेकिंग?

कोर्टाच्या_बाजूला: घटनेचं कलम 15 वंश, जन्मस्थानावरून भेदभावाला मनाई करतं, पण ते मुख्यतः सरकारवर बंधनकारक, सोसायटीविरुद्ध थेट वापरणं अवघड. 2014 मध्ये दिल्लीत वांशिक टोमण्यांवरून झालेल्या मारहाणीनंतर अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक भेदभावाविरुद्ध कडक कायदा सुचवला होता. तुम्ही दहाबारा सभासदांच्या सह्या घेऊन विषय सर्वसाधारण सभेत आणा, दाबला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करा. त्या मुलाचं नाव मात्र अर्जात घालू नका, बिचाऱ्याचा डिलिव्हरी कंपनीचा आयडी ब्लॉक झाला तर रोजचं काम जाईल.