मदत हवी आहे : बालीत आईला सोबत घेऊन मुक्काम कसा विभागावा?

मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, बेळगावहून बालीला जायचंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. बेंगळुरूपर्यंत रात्रीची रेल्वे, पुढे देनपासारचं (बालीतलं विमानतळाचं शहर) थेट विमान, एवढं ठरलंय. विमानतळावरचा व्हिसा (माणशी ५ लाख इंडोनेशियन रुपिया) आणि दीड लाख रुपियांचा पर्यटक कर हिशेबात धरलाय.

समुद्रासाठी सानूर निवडलंय, तिथं लाटा शांत असतात. देवळं, नाच, भातशेतीसाठी उबुद. एजंटच्या कार्यक्रमात रोज नवं हॉटेल होतं, म्हणून तो नको म्हटला.

अडचण आईची. गुडघ्यांमुळे पायऱ्या झेपत नाहीत, आणि ती माळकरी. तिथल्या सांबालमध्ये (मिरचीच्या चटणीत) बऱ्याचदा तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, असते, त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागणार नाही. उलुवातूच्या कड्यावरच्या देवळातला सूर्यास्ताच्या वेळचा केचक (रामायणावरचा नाच) मात्र तिला बघायचाच आहे. रामायण म्हटल्यावर ती ऐकते कुठली!

वयस्कर माणसांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा : उलुवातूच्या पायऱ्या टाळून बसता येतं का, की उबुदमधलाच केचक बरा? जेवणाचं तिथल्या भाषेत नेमकं काय सांगायचं? आणि सात रात्रींपैकी उबुदला किती ठेवू?