मदत हवी आहे: रुग्णालयाचं स्थापनावर्ष नेमकं कोणतं धरायचं?

धागाकर्ता: उपनगरातल्या एका जुन्या रुग्णालयाच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायचा आहे. अडचण अशी की रुग्णांची पहिली नोंदवही कोनशिलेपेक्षा जुनी निघाली. व्यवस्थापनाला कोनशिलेचंच साल हवंय. काय करावं?

जुनं_दप्तर: वही जुनी निघाली यात नवल नाही. उपनगरातली कित्येक रुग्णालयं भाड्याच्या घरातला दवाखाना किंवा साथीच्या रुग्णांसाठी वस्तीबाहेर उभारलेली शेड म्हणून सुरू झाली. पक्की इमारत मागाहून आली. पहिला रुग्ण, कोनशिला आणि उद्घाटन या तिन्ही तारखा वेगवेगळ्या द्या. वहीतला पहिला अनुक्रमांक बघितलात का? १ नसेल तर त्याआधीची वही गहाळ आहे, किंवा क्रमांक दुसऱ्या दवाखान्यातून पुढे चालू ठेवलेत. आणि कोनशिला आता आहे त्याच भिंतीत पहिल्यापासून होती, असं गृहीत धरू नका. दुरुस्तीत त्या सर्रास हलवतात.

चुना_विटा: इमारतही बोलते, पण जपून ऐका. लांबट वॉर्ड, समोरासमोर उंच खिडक्या, साधारण दोन खाटांमागे एक खिडकी, ही पॅव्हेलियन पद्धत. पॅरिसचं लारिब्वाझिएर रुग्णालय याच धर्तीवर १८५४ मध्ये सुरू झालं. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या पुस्तकात तिचा पुरस्कार केला. रोग दूषित हवेतून होतो हा त्यामागचा समज. तो मागे पडल्यावरही तसे वॉर्ड कैक दशकं बांधले जात होते, म्हणून नुसत्या वॉर्डावरून साल ठरवलंत तर फसाल. शस्त्रक्रियागृहाला उत्तरेकडे मोठी काच असेल (दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे), तर ते दिवसाच्या उजेडावर काम चालायचं तेव्हाच्या पद्धतीचं. एक्स-रेची खोली मूळ नकाशातच असेल तर तो नकाशा १८९५ नंतरचा, एवढं नक्की.

धागाकर्ता: एका वॉर्डाचा रुंद व्हरांडा विटांनी बंद केलाय. चौकटीही वेगळ्या आहेत.

चुना_विटा: क्षयरोग्यांच्या खाटा तिथे उघड्यावर ठेवत असावेत. क्षयावरच्या औषधांपैकी स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आयसोनियाझिड १९५२ मध्ये वापरात आलं; त्यानंतर असे व्हरांडे बंद करून आत साध्या खाटा घातल्या गेल्या. पण हा अंदाजच. बांधकाम विभागाकडे त्या कामाचं मेजरमेंट बुक (झालेल्या कामाची मापं लिहिण्याची वही) मागा, त्यात विटकामाच्या मापासकट तारीख सापडेल.

जुनं_दप्तर: वार्षिक अहवालातून खाटा उतरवताना मंजूर आणि प्रत्यक्ष भरलेल्या हे दोन रकाने वेगळे ठेवा. ते एकत्र झाले की रुग्णालय एका वर्षात दुप्पट झाल्यासारखं दिसतं. नोंदवहीचं पान छापणार असाल तर रुग्णांची नावं झाका.