मदत हवी आहे : शेजारचे काका रेडिओवर बोलू लागले की माझा रिसीव्हर बहिरा होतो

नमस्कार मंडळी. मी नागपूरला मनीषनगरात राहतो. दोन गल्ल्या सोडून एक जुने हॅम (हौशी रेडिओ चालवणारे) काका आहेत. मला मोर्स त्यांनीच शिकवला, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

संध्याकाळी आम्ही दोघेही ४० मीटरच्या रेडिओ बँडवर असतो. ते ७.०९० मेगाहर्ट्झवर, मी ७.०६० च्या आसपास. त्यांनी पीटीटी (बोलण्यासाठी दाबायचं बटण) दाबला की माझ्याकडचे कमजोर सिग्नल गडप होतात, आणि ते बोलायचे थांबले की हळूहळू परत येतात. दोघांचेही रेडिओ १०० वॉटचे आहेत.

रिसीव्हरचा प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) बंद केला, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) कमी केला. १० डीबीचा अटेन्यूएटर (येणारे सगळे सिग्नल कमी करणारा भाग) लावला तर त्यांची खरखर १० डीबीपेक्षा कितीतरी जास्त उतरली. म्हणजे दोष त्यांच्या सिग्नलचा नाही, माझाच रिसीव्हर ओव्हरलोड होतोय, असं मी समजतो. बरोबर ना? पण मग दूरची स्टेशनंही दबतात, हीच पंचाईत. बँडपास फिल्टर (एकच बँड आत सोडणारा) सुचवू नका, एकाच बँडमध्ये त्याचा काय उपयोग!

डायपोलचं (माझ्या तारेच्या अँटेनाचं) टोक त्यांच्या घराकडे येईल असा फिरवला तर खरंच फरक पडतो का? गच्ची लहान, २० मीटरची तार तिरपी बसवावी लागेल, आणि मे महिन्यातल्या उन्हात वर चढायचं तर आधी खात्री हवी. की रिसीव्हसाठी वेगळा छोटा लूप अँटेना लावून त्याचा नल (जिकडून सिग्नल सगळ्यात कमी येतो ती बाजू) त्यांच्या दिशेला धरू? कोणी करून पाहिलंय का?