इंग्लंडच्या उत्तरेकडील किल्ले: साठीनंतर कोणते पाहावेत?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): मे महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे न्यूकॅसलला जाणार आहोत. साल्हेर चढलेले पाय आता साठीपुढे गेले असल्याने, फारशी दमछाक न होता पाहता येतील असे तेथील किल्ले आणि जुने वाडे कृपया सुचवावेत.

उत्तर १: चढाची धास्ती नको, तेथे साल्हेरसारखे काही नाही. ॲनिकचा किल्ला १३०९ पासून पर्सी घराण्याकडे असून ते कुटुंब आजही तेथे राहते, त्यामुळे तो हिवाळ्यात बंद असतो. मे महिन्यात मात्र अडचण येऊ नये.

उत्तर २: माझ्या मते क्रॅगसाइड चुकवू नये. विल्यम आर्मस्ट्राँग या उद्योजकाने तळ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून १८७८ मध्ये या घराच्या चित्रदालनात दिवा लावला. गंगापूर धरणाच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याचे अप्रूप अधिक वाटेल. याच गृहस्थाने १८९४ मध्ये समुद्रकाठचा बॅम्बरोचा किल्ला विकत घेऊन त्याची मोठी दुरुस्ती आरंभली, म्हणून तेथील दालने मध्ययुगीन समजून पाहिल्यास फसगत होते. अहिल्याबाईंचा चांदवडचा रंगमहाल पाहिलेल्या नजरेला ही सजावट थोडी भपकेबाज वाटेल, हे आपले माझे मत.

उत्तर ३: लिंडिसफार्न बेटावरील किल्ल्याला जाणार असाल, तर भरतीच्या वेळा आधी तपासाव्यात, कारण बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो.

प्रश्नकर्ता: आभार. क्रॅगसाइडपासूनच सुरुवात करतो.