विक्षिप्तपणा ओढूनताणून आणलेला?

मिरांडा जुलै या अमेरिकन लेखिकेच्या 'नो वन बिलाँग्स हिअर मोअर दॅन यू' (2007) या कथासंग्रहातली माणसं मुद्दाम विचित्र केली आहेत, असा आक्षेप घेतला जातो. दोनतीन कथांपुरता तो मलाही मान्य आहे. पण त्यातल्या 'द स्विम टीम' या कथेला तो लागू होत नाही. तलाव नाही, नदी नाही अशा गावात एक तरुण मुलगी ऐंशी पार केलेल्या तिघांना स्वयंपाकघराच्या फरशीवर पोहायला शिकवते. समोर कोमट मिठाच्या पाण्याचे वाडगे, त्यात तोंड बुडवून श्वासाचा सराव, आणि हातपाय मारत फरशीवरून पुढे सरकणं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्या चौघांना आठवड्यातून दोनदा कुणाची तरी वाट पाहायला मिळते. माझ्या आत्याला मी ही कथा मराठीत सांगितली. ती बारा वर्षं एकटी राहते. तिने एवढंच विचारलं, "मग ती मुलगी गाव सोडून गेल्यावर त्यांचं काय झालं गं?" तिला त्यात विचित्र काहीच वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट म्हणजे मिरांडा जुलैने हॅरेल फ्लेचर या कलाकाराबरोबर 2002 ते 2009 'लर्निंग टू लव्ह यू मोअर' हा उपक्रम चालवला. त्यात लोकांना छोटी कामं दिली जात: पलंगाखालचा फोटो काढा, अनोळखी माणसांना हात धरायला लावून त्यांचं छायाचित्र घ्या. हजारो लोकांनी ती मनापासून करून पाठवली. ते पाहिल्यावर या कथांतली माणसं मला कल्पनेतली वाटेनाशी झाली.