चार कणांचा क्युम्युलंट तपासल्याशिवाय प्रवाह म्हणू नका

प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत द्विकण सहसंबंधातून (कणांच्या जोड्यांच्या दिशांमधल्या संबंधातून) व्ही-२, म्हणजे सगळे कण मिळून द्रवासारखे वाहतात त्या लंबवर्तुळाकार प्रवाहाचं माप, शून्याहून मोठा आला म्हणजे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (सुट्या क्वार्क-ग्लुऑनचं तप्त द्रव्य) बनला, हा निष्कर्ष घाईचा आहे. एकाच जेटमधले (एका दिशेने निघालेल्या कणांच्या झोतातले) कणही खोटा प्रवाह दाखवतात. म्हणून दोन कणांत स्यूडोरॅपिडिटीचं (कण शलाकेशी किती कोनात निघाला, त्याच्या मापाचं) अंतर किमान २ ठेवा. तरी विरुद्ध दिशेचा जेट उरतोच. तो कमी कणसंख्येच्या टकरींचा साचा वजा करून काढतात.

खरी कसोटी चार कणांच्या क्युम्युलंटची, म्हणजे जोड्यांचे संबंध वजा केल्यावर उरणाऱ्या चौघांच्या एकत्रित संबंधाची. तो ऋण हवा, नाहीतर व्ही-२ काढताना घ्यायचं उणे क्युम्युलंटचं चौथं मूळ वास्तव येत नाही. छोट्या प्रणालीत जेटमुळे चिन्ह उलटतं, तिथे तीन उपघटनांची पद्धत (एकाच टकरीतले कण स्यूडोरॅपिडिटीनुसार तीन भागांत वाटून) वापरा. कणसंख्येचे गट रुंद घेतले तरी चिन्ह फिरू शकतं. शिवाय प्रोटॉन-शिसे टकरीत प्रवाह दिसतो, पण प्लाझ्मात अपेक्षित असते तशी जेटची ऊर्जा घटल्याचं स्पष्ट दिसत नाही.